विजूच्या डोंगरावरचं रान

मे महिन्यात नागपूर सोडून जाणाऱ्याला आमच्याकडे कुणी पळपुटा म्हणत नाही. उलट जरा हेव्यानंच बघतात. परत आल्यावर मात्र हिशेब मागतात, काय काय पाहिलं? मी म्हटलं, रान पाहिलं. त्यावर आमच्या शेजारणीचा चेहरा पडला. एवढ्या लांब जाऊन एखादं देऊळ नाही, समुद्र नाही, नुसतं रान? तिला तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी संत्र्याची बागाईतदार. नरखेड तालुक्यात आमची बाग आहे आणि यजमान गेल्यापासून ती मीच सांभाळते. मृग बहार घ्यायचा असला की मे महिन्यात आम्ही झाडांचं पाणी तोडतो. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवतो. झाड मलूल होतं, पानं टाकतं, आता जातंय की काय असं वाटायला लागतं, आणि मग जूनमध्ये पाणी मिळालं की फुलांनी भरून येतं. याला ताण देणं म्हणतात. बाग ताणावर सोडली की मालकिणीलाही सुट्टी, कारण पहाटे उठून विहिरीवरची मोटर लावायची नसते. यंदाची सुट्टी मी विजूसाठी काढली.

विजू माझा धाकटा भाऊ. प्लायवूडच्या कारखान्यात नोकरीला लागून कर्नाटकात शिरसीकडे गेला आणि तिथल्याच सावित्रीशी लग्न करून बसला. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवली, मग बारसं आलं आणि सगळे निवळले. पुढे कारखाना बंद पडला. विजू सासऱ्यांच्या घरी, त्यांच्या सुपारीच्या बागेत राहायला गेला. घरजावई हा शब्द आपल्याकडे कोणत्या सुरात उच्चारतात ते मी सांगायला नको. सासऱ्यांनी घरामागचा डोंगर, वरच्या रानासकट, लेकीच्या नावे करून दिला होता. विजूच्या मनात आलं, रान तोडायचं, डोंगर साफ करायचा आणि त्यावर स्वतःची नागपुरी संत्र्याची बाग उभी करायची. लाकडाच्या कंत्राटदाराशीही बोलून ठेवलं होतं.

त्यानं नागपुरात सदरमधल्या माझ्या दिरांच्या दुकानात ट्रंककॉल लावला आणि ओरडून ओरडून बोलला. “ताई, तू ये वं! माती पाह्य, पाणी पाह्य. तू हो म्हटलं का मी दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड लावतो. तू नाही म्हटलं, तं जन्मभर सासऱ्याच्या ओट्यावर सुपारी सोलत बसतो.”

मी हो म्हणायलाच निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. भाऊ आपल्या पायावर उभा राहावा असं कोणत्या बहिणीला वाटणार नाही?

सुपारीच्या मुलखात

गाड्या बदलत हुबळी, तिथून बसनं शिरसी आणि शिरसीहून आणखी एक बस. वाटेतले हाल सांगत नाही. नागपूरहून निघताना डोक्यावर ओला पंचा गुंडाळला होता, तो शिरसीच्या पुढे कधी काढला आणि अंगावर शाल कधी ओढली हे माझं मलाच कळलं नाही. खिडकीबाहेर हिरवा रंग सुरू झाला होता आणि तो संपतच नव्हता.

विजूचं सासर दरीच्या तळाशी आहे. बैठं कौलारू घर, पुढे सुपारीची बाग आणि मागे लगेच डोंगर. सासरे, म्हणजे सावित्रीचे अप्पा, उघड्या अंगावर पंचा टाकून ओसरीत उभे होते. त्यांना कन्नड येतं आणि सुपारीच्या व्यापारामुळे तुटकं हिंदी येतं. माझं गाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

“नागपूर! हमारा सब सुपारी उधर जाता. आप लोग कितना खाता!”

मी त्यांना खर्ऱ्याचं वर्णन करून सांगितलं, सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घासून आमच्याकडचे बाप्ये दिवसभर तोबरा भरून कसे बसतात ते. ते खो खो हसले. “खाओ, खाओ,” म्हणाले.

सावित्री मराठी बोलते, पण ती विजूकडून शिकल्यामुळे चक्क आपली वऱ्हाडी बोलते, आणि तीही कानडी हेल काढून. “अक्का, हातपाय धुवून घ्या, मी पान वाढून राहिली,” असं तिनं म्हटलं तेव्हा मी तिला जवळच ओढलं. पानात तंबळी होती. म्हणजे कसल्याशा रानपाल्याची ताकात वाटलेली गार आमटी. सोबत अप्पेमिडीचं लोणचं. ओढ्याकाठच्या रानटी आंब्याच्या बोटभर कैऱ्या, कोयही न धरलेल्या, मिठात मुरवलेल्या. त्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. खोबरेल तेलाच्या फोडणीशी मात्र माझं शेवटपर्यंत जमलं नाही. एक दिवस मी सूड म्हणून पाटवडी-रस्सा केला. सासरे एका घासानंतर उठून अंगणात गेले आणि परत आले ते ताकाचा तांब्या घेऊनच.

घराच्या कडेला विजूनं आपल्याकडून नेलेली संत्र्याची कलमं लावली होती. बारशाच्या वर्षी लावलेली ती झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेली होती. पानं अशी तुकतुकीत की बघत राहावं. पण फूल नाही. एकदाही नाही.

“काहून नसन येत, ताई?”

“तू ताण देतो का?”

“ताण कसा देऊ? मी पाणीच देत नाही त्याईले.”

“मुळ्या उघड्या कर. मी आहे तोवर दाखवते तुले.”

मी पदर खोचला, त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचा पालापाचोळा, माती सगळं खरवडून बाजूला काढलं. सासरे ओसरीतून बघत होते. त्यांच्या मुलखात बुंध्याशी पाला रचतात आणि ही नागपूरची बाई तो ओढून काढते आहे, याचं त्यांना नवल वाटत असणार. मी मात्र ऐटीत होते. आठवडाभरात पान मलूल झालं नाही तर नाव बदलीन, असंही बोलून गेले.

डोंगरावर

दुसऱ्या दिवशी लेकराला सासऱ्यांपाशी ठेवून विजू, सावित्री आणि मी डोंगर चढलो.

रान म्हणजे आपल्याला सागाचं ठाऊक. मे महिन्यात ते पानं गाळून उभं असतं, आरपार दिसतं, पाय टाकला की पाचोळा कुरकुर वाजतो. मी तेच डोळ्यांपुढे धरून गेले होते. इथे दहा पावलं आत शिरलो आणि दुपार संपली. खरंच संपली. मला वाटलं चष्म्यावर वाफ धरली, म्हणून मी तो काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. वर पानांवर पानं इतकी दाटलेली की ऊन खाली पोचतच नव्हतं, कुठे चुकून एखादा कवडसा. वारा नाही. वाण्याच्या दुकानात मसाल्याच्या फळीजवळ येतो तसा एक ओला वास. आणि रातकिडे भर दुपारी किर्र लावून बसलेले.

पहिलं मोठं झाड दिसलं तिथे मी थांबले. त्याची मुळं जमिनीवर भिंतीसारखी उभी होती, माझ्या खांद्याहून उंच. दोन मुळांच्या मधे आपली बैलजोडी खुशाल बांधता आली असती. शेंडा बघायला मान मागे टाकली, पदर पडला, पण शेंडा दिसला नाही. त्या झाडाखाली दुसरी झाडं, त्यांच्याखाली तिसरी. खोडावर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांच्या वर आमरीची, म्हणजे ऑर्किडची, फुलं लोंबताहेत, मिरीचा वेल चढतो आहे. एका झाडाच्या अंगावर किती जणांचे संसार! मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

आपल्या बागेत शंभर झाडं म्हणजे शंभरही संत्र्याचीच. इथे शेजारी शेजारी एका जातीची दोन झाडं सापडेनात. सावित्री पानं चुरगाळून माझ्या नाकाशी धरत होती, “हे तापावर, अक्का. हे बाळंतिणीले. हे दालचिनीचं. याचं नाव मले नाही येत, अप्पाले येत असन.” एवढ्यात डोक्यावरून कुणी भलं मोठं सूप पाखडत चालल्यासारखा आवाज गेला. मी घाबरून खाली बसले. दोघं हसायला लागले. तो धनेश होता, पिवळ्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा असलेला. विजू सांगत होता की काही झाडांची फळं इतकी मोठी की ती याच्याशिवाय कुणी गिळू शकत नाही, आणि बी लांब नेऊन टाकतोही हाच. पक्षी गेला तर हळूहळू झाडही जाईल. कारखान्यात असताना त्याच झाडांच्या ओंडक्यांवर तो खडूनं आकडे घालत असे. हे त्यानं सहज सांगितलं.

बसले होते तेवढ्यात पायाला काहीतरी गार लागलं. जळू! एक नाही, चांगल्या तीन. मी जी किंचाळले, ती खाली दरीत सासऱ्यांना ऐकू गेली म्हणे. सावित्री पळत आली. “अक्का, ओढून नका राहू!” माझ्या कनवटीला पानाचा चुना होता, तो तिनं बोटावर घेऊन लावला आणि जळवा गळून पडल्या. नागपूरचा चुना असाही कामाला येतो.

मग विजू आम्हाला ओढ्याच्या उगमाशी घेऊन गेला. उगम म्हणून मी एखादी कपार, एखादं गोमुख शोधत होते. तसं काही नव्हतं. झाडांच्या दाटीत एक सपाट, दलदलीची जागा होती. तिथल्या झाडांनी मुळ्यांचे गुडघे चिखलातून वर काढले होते आणि त्या गुडघ्यांच्या मधून, कुजक्या पानांच्या खालून, पाणी नुसतं येत होतं. आवाज न करता. थोडं पुढे त्याचा ओहळ आणि आणखी पुढे ओढा. मे महिना चालू होता. महिन्याभरात तिथे पाऊस नव्हता, मी विजूला दोनदा विचारून घेतलं. माझ्या विहिरीवरची मोटर आदल्याच आठवड्यात पाण्याऐवजी हवा ओढत होती. मी त्या चिखलात मटकन बसले आणि मला रडू आलं. का ते नेमकं सांगता येणार नाही. देवळात कधी असं झालं नव्हतं.

“पाहून राहिली ना?” विजू आनंदानं म्हणाला. “पाणीच पाणी! मोटर नको का इंजिन नको. उतारानं आपोआप येइन आपल्या बागेत.”

मीही डोळे पुसले आणि मनातल्या मनात रांगा आखायला लागले.

ताण

त्या आठवड्यात आम्ही रोज वर गेलो. एकदा डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरलो तेव्हा समोर एक उघडा डोंगर दिसला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तो साफ केला होता. आता लाल दगड आणि मधे मधे वाळकं गवत. मधल्या ओढ्यात नुसते कोरडे गोटे पडले होते. विजू म्हणाला, “त्यानं खत नाही टाकलं. मेहनत नाही केली.” मी मान हलवली. मेहनतीवर माझा विश्वास आहे.

पण माझी संत्री मलूल होईनात. रोज सकाळी मी आशेनं जायची आणि पानं आदल्या दिवसापेक्षा टवटवीत. एका पहाटे लवकर गेले. डोंगरावरच्या रानातून धुकं खाली उतरत होतं आणि संत्र्याच्या पानापानावरून पाणी ठिबकत होतं. मी उकरलेल्या आळ्यात बोट घातलं, तर खालूनही ओल. डोंगर वरून भिजवत होता आणि खालून पाजत होता. त्याला ताण द्यायला मी निघाले होते!

तशीच कुदळ घेऊन एकटी वर गेले. त्या पहिल्या मोठ्या झाडाशी बसले आणि त्याच्या मुळांमधे खणलं. वर पानं. खाली अर्धी कुजलेली पानं. त्यात केसांसारख्या बारीक मुळ्यांचं जाळं, पांढरं, ओलं, सगळीकडे पसरलेलं. मग वीतभर काळी माती, आणि मग कुदळ खण्णकन वाजली. जांभा. दुसरीकडे खणलं, तिसरीकडे खणलं. तेच. माझ्या बागेत हातभर माती आहे आणि मी ती कमी म्हणून कुरकुरते. एवढं आभाळाला लागलेलं झाड वीतभर मातीवर उभं होतं.

मी कुदळ ठेवली आणि त्या जाळ्यात हात घालून बसले. पान पडतं, ते पुरतं कुजायच्या आतच या मुळ्या त्याला धरतात आणि पुन्हा वर नेतात. खाली साठवण म्हणून काही नाहीच. जे आहे ते सगळं झाडांच्या अंगात. पाऊसही तसाच. वर पानं त्याला झेलतात, खाली हा पाला त्याला धरून ठेवतो आणि चार-चार महिने थेंबाथेंबानं सोडत राहतो. हे उचललं तर पहिल्याच पावसाळ्यात वीतभर माती दरीत जाणार. मग तो समोरचा लाल डोंगर. माझं आयुष्य झाडांत गेलं, पण झाडांपुढे मला कधी भीती वाटली नव्हती. त्या सकाळी वाटली, आणि भीतीबरोबर इतकी माया आली की त्या मुळाच्या भिंतीला मी कपाळ टेकलं.

विजूला बोलावून खड्डा दाखवला.

“एवढीच माती आहे, विजू.”

“खत टाकू ना, ताई.”

“कशात टाकशीन? एका पावसात सगळं खाली जाइन, लाल चिखल होऊन, सासऱ्याच्या बागेत.”

“अन् पाणी? पाणी तं तू डोळ्यानं पाहिलं.”

“ते पाणी या रानाचं आहे गा. रान आहे तोवर तुया संत्र्याले फूल येत नाही, अन् रान तोडलं तं पाणी राहत नाही. मी नाही म्हणून राहिली, विजू. नको तोडू.”

त्यानं पायानं थोडी माती खड्ड्यात लोटली. मग म्हणाला, “तुले काय जातं बोलायले? तुई बाग आहे. माया काय आहे?”

माझ्या बागेत ये, अर्धी तुझी, असं म्हणाले. ते ऐकून तो हसला आणि खाली निघून गेला. सासऱ्याच्या ओट्यावरून उठून बहिणीच्या ओट्यावर, एवढाच त्याचा अर्थ त्याच्या लेखी.

त्या दिवशी तो जेवला नाही. सावित्री माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती, पण डोळे सुजलेले. मी ओसरीत जाऊन सासऱ्यांना जरा रागानंच विचारलं, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, मग इतके दिवस तोंड का उघडलं नाहीत?

ते सुपारी कातरत होते. म्हणाले, “मैं बोलेगा तो ससुर बोला. आप बोला तो बहन बोला.”

निघताना

निघायच्या दिवशी सकाळी उठले तर विजू घरात नव्हता. पहिल्या बसनं शिरसीला गेला, असं सावित्रीनं सांगितलं. कंत्राटदार शिरसीलाच राहतो. करार मोडायला गेला की पक्का करायला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं अप्पेमिडीची बरणी फडक्यात बांधून दिली. मी नको नको म्हणत घेतली. आम्ही दोघी बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. मी चारदा तरी डोंगराकडे पाहिलं.

शिरसीहून येणारी बस आली, तीच पुढे वळून परत जाणार होती. तिच्यातून विजू उतरला. मला पाहून थांबला, माझ्या हातातली बॅग घेतली.

“सांगून आलो,” म्हणाला. “नाही म्हणून.”

सावित्रीनं तोंडाला पदर लावला.

“आता तरी तुले बरं वाटून राहिलं ना?”

“नाही रे,” मी म्हटलं आणि रडायलाच लागले. “मले काही बरं वाटून नाही राहिलं.”

“मलेही नाही,” तो म्हणाला. मग बॅग टपावर चढवून दोरीनं पक्की बांधली, खाली उतरला आणि माझ्या पाया पडला.

बस सुटली. डोंगराला वळसा घातल्यावर रस्ता खाली उतरतो. तिथे विजूच्या डोंगरावरून येणारा ओढा रस्त्याला आडवा जातो. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, रेडिएटर तापलं होतं. तो डबा घेऊन उतरला, त्याच्यामागे सगळी बसच उतरली. कुणी चूळ भरली, कुणी घागर भरून घेतली. एका बाईनं पोराला पाण्यात उभं करून चक्क आंघोळ घातली आणि ते गार पाण्यानं किंचाळत हसत होतं. आज सकाळपर्यंत हे पाणी माझ्या भावाच्या एका शब्दावर टांगलेलं होतं, हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. पदर खोचला, वाकले आणि ओंजळीनं पोटभर प्याले.